मागचा कार्बोरेटर

दौलताबादच्या पुढचा घाट चढता चढता हिरवीनं एक उचकी दिली, मग दुसरी दिली आणि ऐन वळणावर ती मोटार रुसून बसली. श्रावणी सोमवार होता. वेरूळच्या घृष्णेश्वराला निघालेल्या बैलगाड्या, टांगे, सायकली बाजूनं चालल्या होत्या आणि जो तो जाता जाता फुकटचा सल्ला देऊन जात होता. कारणही तसंच होतं – मोटार चालवणारी मुलगी होती. पोलीस ॲक्शन होऊन बरीच वर्षं लोटली होती. निजाम गेला, जहागिऱ्या गेल्या. पण औरंगाबादच्या रस्त्यावर स्टेअरिंग धरलेली मुलगी काही अजून लोकांच्या पचनी पडली नव्हती.

मुलीचं नाव मनकर्णा. शहागंजातल्या कन्याशाळेत ती शिकवायची. मागच्या सीटवर तिची आई सरूबाई पूजेचं ताट मांडीवर सांभाळत बसली होती आणि देवाचं सोडून मुलीलाच विनवत होती, की बघ बाई काहीतरी. वडील आप्पासाहेब तापानं घरी पडले होते. नाहीतर हिरवी त्यांनी दुसऱ्या कुणाच्या हाती दिलीच नसती.

बुरबुर पाऊस पडत होता. बॉनेट उघडून मनकर्णा उभी असताना एक सायकल थांबली. सायकलवाला उंच, सावळा, केसांतून पाणी निथळतंय. त्यानं सल्ला दिला नाही. आधी विचारलं, हात लावू का? एवढ्या लोकांत विचारणारा तो पहिलाच, म्हणून तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं... आणि मग जरा जास्तच वेळ पाहिलं गेलं.

त्याचं नाव बद्रीनाथ. हर्सूलचा, शेतकऱ्याघरचा. मोटारीचं काम शिकून शहागंजातच इब्राहीम उस्तादांच्या गॅरेजात लागला होता. त्यानं आत वाकून पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात ‘वा’ म्हणाला. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारा कार्बोरेटर साध्या गाडीला एकच असतो. हिरवीला दोन होते, एक पुढं आणि एक मागं. असली जोडी त्यानं फक्त पुस्तकात पाहिली होती.

स्टार्टर जास्त मारल्यानं पेट्रोल चढलंय, हे त्यानं बरोबर ओळखलं. ॲक्सिलेटर पूर्ण दाबून गाडी चालूही केली. पण पाय काढला की ती पुन्हा थरथरून मरायला टेकायची. म्हणून त्यानं हाताशी आलेला मागच्या कार्बोरेटरचा स्क्रू जरासा पिळला. इंजिन जोरात चालू लागलं खरं, पण आता सगळी गाडीच हिवताप भरल्यासारखी हलू लागली. आत सरूबाईच्या ताटातलं निरांजन कलंडलं.

“एकट्यालाच हात लावलात तुम्ही,” मनकर्णा म्हणाली.

“मग?”

“जोडी आहे ती. एकाचं काही करायचं, तर दुसऱ्याला विचारावं लागतं.”

तो पाना हातात धरून तसाच तिच्याकडे पाहत राहिला. “आन् दुसरा काय म्हनतो, ते कसं कळायचं?”

“ऐकायचं.”

तिनं पदर कानामागं सारला आणि वाकली. पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी कान नेला, मग मागच्या. दोन्हींतून आत ओढल्या जाणाऱ्या हवेची बारीक सुसू येत होती आणि मागची सुसू पुढच्यापेक्षा मोठी होती. तिनं त्याला मागचा स्क्रू परत घ्यायला सांगितलं. अजून घ्या... अजून थोडा... बास. हिरवी एकदम शांत झाली. दोघांचे चेहरे इंजिनावर एवढे जवळ आले होते, की त्याच्या केसांतलं पाणी तिच्या मनगटावर पडलं. ते तिनं लगेच पुसायला हवं होतं. तिनं पुसलं नाही.

सायकलवर बसता बसता तो म्हणाला, की एक गोष्ट कळली नाही – त्यानं स्क्रू जेवढा पिळला होता, त्याच्यापेक्षा जास्त परत घ्यावा लागला. खड्ड्यांनी हलला असेल, असं मनकर्णानं सांगून टाकलं. तिचं अर्धं लक्ष स्क्रूत नव्हतंच.

हिरवी म्हणजे आप्पांचा जीव की प्राण. जुन्या काळी ते एका जहागीरदाराचे ड्रायव्हर होते. जहागिरी गेली, जहागीरदार हैदराबादेत राहायला गेला आणि जाताना ही हिरवीगार विलायती गाडी ड्रायव्हरलाच बक्षीस देऊन गेला. तेव्हापासून आप्पा स्टेशनवर उतरणाऱ्या पाहुण्यांना वेरूळ, अजिंठा दाखवायचे आणि त्यावरच घर चालायचं. गाडीचं बाकी काम कुणी केलं तरी चालायचं. कार्बोरेटरची जोडी मात्र आप्पा स्वतः मिळवायचे. त्यासाठी त्यांच्याकडे खास हत्यार होतं. डॉक्टरी तपासणीच्या जुन्या नळीचा पुढचा चकतीचा भाग काढून त्यांनी दोन लांब रबरी नळ्या जोडल्या होत्या. एका नळीचं टोक पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरीचं मागच्या. दोन्ही कानांत हवा सारखी वाजली, की जोडी मिळाली. अख्ख्या औरंगाबादेत एवढा तयार कान दुसऱ्याचा नाही, असं इब्राहीम उस्तादही म्हणायचे, आणि उस्ताद सहसा कुणाला चांगलं म्हणत नसत.

पण त्या पावसाळ्यात हिरवी काही केल्या ठिकाणावर येईना. उभी राहिली की थरथरायची, चढावर झटके मारायची. जोडी माझी बरोबर आहे, दोष दुसरीकडे आहे, असं आप्पांनी ठरवून टाकलं आणि बाकीचं तपासायला गाडी उस्तादांकडे पाठवायला सुरुवात केली. शाळा सुटल्यावर ती आणायला जायची मनकर्णा. आणि ते काम उस्तादांनी दिलं होतं बद्रीनाथला. दोघांच्याही मनात काही नव्हतं, असं म्हणायला माझी हरकत नाही. पण मग शाळेतून निघताना ती वेणी पुन्हा का घालायची, हे कुणीतरी मला समजावून सांगावं.

दोष शोधायची बद्रीनाथची रीत तिला आवडली. तो घाईनं कशावर ठपका ठेवायचा नाही. दोषी कोण नाही, ते आधी बघायचं, असं त्याचं म्हणणं. प्लग काढून पाहिले, ते बरे होते. करंटचे पॉइंट घासून नीट लावले. जोडातून चोरून हवा शिरतेय का, ते बघायला प्रत्येक जोडावर तेलाचा थेंब सोडला. एकाही थेंबानं इंजिनाचा सूर बदलला नाही. मग कार्बोरेटरच्या आतला पिस्टन. तो बोटानं उचलून सोडला, की न अडखळता खाली येऊन ‘टक्’ वाजायला हवा. बद्रीनाथनं तिला ऐकायला बोलावलं.

“बाई, नीट ऐका. तुमच्या तर नावातच कान हाय.”

“माझं नाव मनकर्णा आहे. बाई मला पोरी म्हणतात.”

“मग मी काय म्हनू?”

ती कान लावून वाकली. पिस्टन ‘टक्’ वाजला, दोघांनाही ऐकू आला. पण त्यानं तो पुन्हा उचलला, आणि पुन्हा... नीट ऐकू आला नाही म्हणून.

शेवटी तो जोडी तपासायचा, तर ती बिघडलेली असायची. तो दोन्हींना जोडणारी मधली कडी सैल करून दोन्ही स्क्रू नीट लावायचा. हिरवी मांजरीसारखी गुरगुरत घरी जायची आणि आठवडा उलटायच्या आत झटके मारत परत यायची. आप्पा चिडायला लागले. त्या पोरानं काहीतरी बिघडवून ठेवलंय, असं ते घरात बोलू लागले. मनकर्णा त्याच्या बाजूनं काही बोलायला गेली, की सरूबाई पोळी लाटता लाटता तिच्याकडे वळून बघायची.

एका दुपारी बद्रीनाथनं तिला बॉनेटशी बोलावलं. त्याचा चेहरा नेहमीसारखा हसरा नव्हता. मागच्या खेपेला त्यानं दोन्ही स्क्रूंवर रंगाची बारीक रेघ ओढून ठेवली होती. पुढच्याची रेघ जागच्या जागी होती. मागच्याची फिरली होती.

“दर बारीला मागचाच,” तो हळू आवाजात म्हणाला. “आन् दर बारीला उघडायच्याच बाजूला. खड्ड्यानं हलला असता, तर कधी इकडं गेला असता, कधी तिकडं. कधी पुढचाबी हलला असता... आप्पा नळी कशी लावतात?”

तिनं करून दाखवलं. आप्पा उजव्या चाकाशी, गाडीकडे तोंड करून उभे राहतात. पुढच्या कार्बोरेटरची नळी उजव्या कानाला लावतात आणि मागच्याची...

डावा कान धरलेला तिचा हात तिथंच राहिला.

गेली दोनेक वर्षं आप्पा गाडी चालवताना तिच्याशी बोलत नव्हते. ती शेजारच्या सीटवर बसायची, त्यांच्या डाव्या अंगाला. शाळेतलं काही सांगायची, रस्त्यातलं काही दाखवायची आणि आप्पा समोर बघत राहायचे. चालून आलेली दोन स्थळं तिनं नाकारली होती, त्याचा हा राग आहे, असं ती धरून चालली होती. हळूहळू तिनंच बोलणं सोडलं होतं. घाटातल्या त्या लांबच लांब अबोल फेऱ्या तिला एकदम आठवल्या आणि डोळे भरून आले. आप्पा रागावलेले नव्हतेच. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं.

मागची सुसू त्यांना कमी ऐकू येत होती, म्हणून ते मागचा कार्बोरेटर जास्त उघडत होते. हिरवीत काही दोष नव्हता. बद्रीनाथला बहुधा आधीच कळलं होतं. तिला ते स्वतःहून कळावं, एवढ्यासाठी तो थांबला होता.

तिला रडू आवरेना. त्यानं हात कापडाला पुसले, मग त्या हातांचं काय करावं ते न सुचून पुन्हा पुसले. म्हणाला, “मनकर्णा, त्यांना सांगू नका.” नावानं हाक त्यानं पहिल्यांदाच मारली होती. “ड्रायव्हरचा कान गेला म्हनलं, की लोक ड्रायव्हरच गेला म्हनतात. मी देत जाईन की मिळवून दर बारीला. माझं काय जातंय?”

त्याच क्षणी मनकर्णाला कळून चुकलं, की लग्न करीन तर याच्याशी, नाहीतर नाही. इतका वेळ नुसतं आवडणं होतं. आता त्याच्यावाचून तिला राहवणार नव्हतं.

इब्राहीम उस्तादांचे डोळे तेज होते. कुणी न सांगताच त्यांनी काय ते ओळखलं आणि चहाच्या निमित्तानं पदमपुऱ्यात आप्पांकडे येऊन शब्द टाकला. घरदार चांगलं आहे, हर्सूलला जमीन आहे, “लडका हीरा है, आप्पा.” आप्पांना घर पसंत पडलं, जमीन पसंत पडली. मुलगा पसंत पडला नाही. ते म्हणाले, ज्याला दोन कारबेटर सारखे करता येत नाहीत, त्याच्या हातात मी माझी पोर देऊ? उस्तादांनी समजावून पाहिलं. आप्पांचं एकच – गाडी त्यानं बिघडवली, पोरीचा संसारही बिघडवेल. आत सरूबाईच्या शेजारी बसलेल्या मनकर्णानं हे सगळं ऐकलं. तोंड उघडून खरं काय ते सांगितलं असतं, तर एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य वडिलांना सांगायचं होतं.

आणि मग फर्दापूरची ती फेरी झाली. अजिंठ्याची लेणी बघून परतणारे साहेब लोक गाडीत असताना फर्दापूरच्या पुढं चढावर हिरवी बंद पडली. पाहुणे दुसऱ्या गाडीनं निघून गेले. दुसऱ्या दिवशी आप्पा तडक गॅरेजात गेले. मनकर्णा शाळेतून तिथं पोचली, तेव्हा ते बद्रीनाथला सगळ्यांसमोर नको नको ते बोलत होते. विलायती गाडीला हात लावायची तुझी लायकी नाही, बैलगाडीच्या चाकाला वंगण घाल म्हणाले. बद्रीनाथ मान खाली घालून ऐकत होता. त्याच्या दोन शब्दांत सगळं मिटलं असतं. त्यानं ते शब्द गिळले. एकदाच मान वर करून त्यानं मनकर्णाकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच सांगितलं, नाही.

ती दोन दिवस नीट जेवली नाही. गप्प राहावं, तर ज्याच्यावर जीव जडला तो आयुष्यभर नालायक ठरणार, आणि दारातून परत पाठवला जाणार. बोलावं, तर ज्या कानाच्या जिवावर आप्पा ताठ चालत आले, तो कान आपण त्यांच्याकडून काढून घ्यायचा. दोन्हीकडून मरण होतं. बराच विचार करून तिनं ठरवलं, की सांगायचं नाही. आप्पा उस्ताद माणूस आहेत. त्यांच्यासमोर गाडी ठेवायची, ते स्वतःच शोधतील.

रविवारी सकाळी आप्पा अंगणात नळी लावून उभे होते. हिरवी फडफडत होती. मनकर्णा चहा घेऊन गेली आणि कठड्यावर पेला ठेवत सहज म्हणावं तसं म्हणाली, की आप्पा, एकदा नळी उलटी लावून बघा ना. पुढची इकडं, मागची तिकडं.

“कशाला?” त्यांनी विचारलं. ती त्यांच्या उजव्या हाताला उभी होती.

“बघा तर.”

आप्पांनी हसत कानातल्या नळ्या बदलल्या. वाकले. आणि त्यांचं हसू गेलं. मागच्या कार्बोरेटरची सुसू आता उजव्या कानात भणाणत होती. पुढच्याचा आवाज जवळजवळ नव्हताच. त्यांनी पुन्हा नळ्या बदलल्या. पुन्हा. मग उजवी नळी काढून नुसती डावी कानात ठेवली आणि तसेच उभे राहिले. एवढा जुना जाणता माणूस. दोष कुठं आहे, हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. मनकर्णाला वाटलं, धावत जाऊन त्यांना धरावं. पण ती जागची हलली नाही.

त्यांनी इंजिन बंद केलं. चहा निवून गेला तरी ते मडगार्डावर हात टेकून बसले होते. मग उठले, सदरा घातला आणि तिला म्हणाले, चल, गाडी तू घे.

गॅरेजात रविवारीही काम चालू होतं. बाहेर भुरभुर सुरू झाली होती. इब्राहीम उस्ताद एका ट्रकपाशी उभे होते, बद्रीनाथ हिरवी आलेली पाहून हात पुसत पुढं आला आणि आप्पांचा चेहरा पाहून थबकला. त्यानं मनकर्णाकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि तिनं तो मुकाट्यानं घेतला.

“तुला ठावं होतं?” आप्पांनी विचारलं.

बद्रीनाथनं मान डोलावली. “व्हय.”

“आन् त्या दिवशी मी एवढं बोललो, चार मान्सांत. तरी गप बसलास. कामून?”

“गाडी तुमची हाय, आप्पा,” तो म्हणाला. “कानबी तुमचाच हाय. मी कोन सांगनारा?”

आप्पा बाकावर बसले. उस्तादांनी काही न विचारता चहा सांगितला. मनकर्णा वडिलांच्या शेजारी बसली, सवयीनं, गाडीत बसायची तशीच डाव्या अंगाला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. समोर बद्रीनाथ उभा होता, पाना या हातातून त्या हातात घेत. ती रात्रीपासून जे मनात घोकत होती, ते आता नाही बोललं, तर पुढं बोलणं होणार नव्हतं. तिनं खाली बघत, हळू, पण स्पष्ट सांगितलं.

“आप्पा, मला यांच्याशीच लग्न करायचंय.”

बद्रीनाथच्या हातातला पाना खाली पडला. तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. उस्तादांना उगीचच खोकला आला. आप्पा मात्र समोरच बघत होते. मग बद्रीनाथच्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं, उस्तादांकडे गेलं, आणि आपल्याला न कळता काहीतरी बोललं गेलंय, हे त्यांच्या ध्यानात आलं.  पुन्हा म्हणायचं बळ मनकर्णात उरलं नव्हतं.

आप्पांनी डाव्या कानावरून हात फिरवला. मग तिच्याकडे वळले.

“मने, या अंगाला ये,” ते म्हणाले. त्यांनी बाकाच्या उजव्या बाजूवर हात ठेवला. “त्या कानाला ऐकू येत नाय मला. काय म्हनलीस, परत सांग.”

उस्तादांसमोर, गॅरेजातल्या सगळ्यांसमोर म्हणाले. हे त्यांनी अजून सरूबाईलाही सांगितलं नव्हतं.

मनकर्णा उठली. वळसा घालून उजव्या बाजूला आली, वडिलांच्या कानाशी वाकली आणि पुन्हा सांगितलं. या खेपेला पावसाचा आवाज मोठा होता, म्हणून तिला आवाज चढवावा लागला, आणि ट्रकखाली झोपून काम करणाऱ्यानंही हात थांबवला.

आप्पांनी मान हलवली. हळूहळू, दोन-तीनदा हलवली. तिचा हात हातात घेतला आणि समोर पाहिलं.

“मला आलं ऐकू,” ते बद्रीनाथला म्हणाले. “तुला आलं का?”

बद्रीनाथनं पाना उचलला होता. तो आप्पांकडे बघत नव्हता; तो मनकर्णाकडे बघत होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

“व्हय, आप्पा,” तो म्हणाला. “दोन्ही बारीला.”